देव्हाऱ्यातले चक्र

कार्तिक शुद्ध द्वादशीची संध्याकाळ. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत तुळशीचे लग्न लागते आहे. वृंदावनावर धांड्यांचा मांडव उभा आहे, बोरे-आवळे मांडले आहेत आणि अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव म्हणून कुठे बाळकृष्ण, तर जिथे पिढीजात पूजा आहे तिथे ताम्हणात ठेवलेला एक काळा, गुळगुळीत दगड आहे.

हा शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेला आहे. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता आणि त्या समुद्राच्या तळाच्या चिखलात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या कवचांभोवती असे काळे गोटे घट्ट झाले. गोट्यात दिसणारे चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष प्राण्याचे कवच. माकूल, माखली आणि आठ पायांचा ऑक्टोपस ज्या शीर्षपाद वर्गात येतात, त्याच वर्गातला हा प्राणी.

चक्रांची संख्या, मुखाचा आकार आणि रंग पाहून परंपरेने शाळिग्रामांना लक्ष्मीनारायण, नृसिंह, दामोदर अशी नावे दिली. जीवाश्मशास्त्रज्ञांची मांडणी मात्र चक्रावर फारशी विसंबत नाही, कारण वेटोळे घालणारी कवचे निसर्गात पुष्कळ आहेत.

त्याचा पुरावा विदर्भातच मिळतो. 19व्या शतकाच्या मध्यास मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातून जीवाश्म गोळा केले. त्या गाळातली फायसा गटातली कवचेही पिळदार आहेत, पण ती गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची आहेत. गोगलगायीचे कवच आतून सलग पोकळ असते. अमोनाइटचा प्राणी मात्र कवचाच्या शेवटच्या कप्प्यात राही; वाढताना तो पुढे सरके आणि मागची जागा पडद्याने बंद करी. सगळ्या पडद्यांतून एक बारीक नलिका जाई, तिच्या साहाय्याने कप्प्यांतले पाणी काढून तिथे वायू भरता येई आणि जड कवच पाण्यात तरंगते राही.

पडदा कवचाच्या भिंतीला जिथे चिकटतो, तिथे एक रेषा उमटते. ती संधिरेषा. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भूवैज्ञानिक लिओपोल्ड फॉन बुख यांनी या रेषेच्या आधारे अमोनाइट आणि त्यांच्या नातलगांच्या वर्गीकरणाला दिशा दिली. त्यात तीन गट पडतात. गोनिएटाइटांमध्ये ती साध्या नागमोडी वळणांची असते. सेराटाइटांमध्ये पुढे, म्हणजे मुखाकडे, झुकलेली वळणे गुळगुळीत, पण मागची वळणे करवतीसारखी दातेरी असतात. खऱ्या अमोनाइटांमध्ये मात्र सगळी रेषाच एखाद्या नक्षीदार पानाच्या कडेसारखी फाटत जाते.

ही तिहेरी वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे, आणि तिथेच तिची अडचण आहे. क्रिटेशस काळातल्या (सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या) काही अमोनाइटांची रेषा पुन्हा सेराटाइटांसारखी साधी झाली. केवळ रेषा पाहिली तर त्यांची गणना भलत्याच गणात (वर्गीकरणातल्या वर्गाखालच्या पायरीत) होईल. म्हणून आज पिल्लापासून प्रौढापर्यंत रेषा कशी घडत गेली, नलिका कुठून जाते, हेही पाहतात. क्लायमेनिड या नामशेष गटात नलिका वेटोळ्याच्या आतल्या बाजूने जाते, उरलेल्या जवळजवळ सर्वांमध्ये बाहेरच्या. आणखी एक घोटाळा नर-मादीचा होता. एकाच जातीची मोठी आणि लहान कवचे दीर्घकाळ वेगवेगळ्या जाती, कधी वेगळ्या प्रजातीही (म्हणजे जातींचे गट), म्हणून नोंदली गेली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ती जोडीने ओळखण्याची पद्धत रुजू लागली, तरी जुनी दुहेरी नावे पुष्कळ उरली आहेत. काही गट स्वतंत्र गण मानावेत की उपगण, यावरही एकमत नाही.

या सगळ्या गटांचा मिळून होणारा अमोनॉइडिया हा उपवर्ग सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वी सरळ कवचाच्या पूर्वजांपासून निघाला. 25.2 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशातून त्याच्या मोजक्याच शाखा वाचल्या, 20.1 कोटी वर्षांपूर्वी पुन्हा तीच वेळ आली, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या थोड्यांतून नवे प्रकार फुटले. जर्मनीत 1895 साली सापडलेल्या एका कवचाचा व्यास सुमारे 1.8 मीटर आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी मात्र सर्व शाखा संपल्या. दिसायला तसाच असलेला नॉटिलस टिकला, पण तो त्यांचा वंशज नाही. नात्याने अमोनाइट माकुलाच्या अधिक जवळचे.

ज्या काळ्या मातीत हा मांडव रोवला आहे, ती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो लाव्हा साधारण त्याच सुमारास वाहत होता. विदर्भातल्या त्या वेळच्या गोड्या तळ्यांत अमोनाइट नव्हते. देशात ते कच्छमध्ये, तमिळनाडूतल्या अरियलूर परिसरात आणि नर्मदेच्या खोऱ्यात बाघजवळ सापडतात.

ताम्हणातला शाळिग्राम कोणत्या प्रजातीचा, हे सांगायचे तर कवचाचा वरचा थर काढून संधिरेषा उघडी करावी लागेल. नदीने घासलेल्या या गोट्यावर कवचाच्या फासळ्यांचे ठसेच तेवढे दिसतात, आणि पूजेतला देव कुणी तासायला देणार नाही. तेव्हा इथे त्याचा उपवर्ग तेवढा सांगता येतो. घरातल्या आजी त्याला दामोदर म्हणतात.