‘मैत्रीण’ या शब्दाच्या आडोशाला

नमस्कार श्रोतेहो.

दोघी एका घरात तीस-पस्तीस वर्षं राहतात. शेजारपाजारचे म्हणतात, मैत्रिणी आहेत, अगदी सख्ख्या बहिणींसारख्या. घरमालक, डॉक्टर, बँकेतला कारकून, सगळ्यांना एवढं पुरतं. त्या दोघींनाही पुरतं. खरं तर हा शब्द त्यांनीच पुढे केलेला असतो. दोन पुरुष एकत्र राहिले की लोक चौकशा करतात. दोन बायका राहिल्या की ‘चला, एकमेकींना सोबत झाली’ म्हणून सोडून देतात. कितीतरी लेस्बियन आणि बायसेक्शुअल, म्हणजे बाई आणि पुरुष दोघांकडेही ओढा असलेल्या, बायकांनी या एका शब्दाच्या आडोशाला अख्खं आयुष्य काढलं.

पण दोघींतली एक गेली, की हाच शब्द उलटतो. तेराव्यानंतर, दफनानंतर, जी काही रीत असेल ती उरकल्यावर भाचे येतात. वाईट माणसं नसतात हो ती. अगदी अदबीनं विचारतात, ‘मावशी, आता तुमची सोय कुठे करायची?’ घर असतं गेलेल्या बाईच्या नावावर, आणि मैत्रीण वारस नसते.

लग्न झालेलं असलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. थिया स्पायर यांच्याबरोबर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं काढली. 2007 साली दोघींनी कॅनडात जाऊन लग्न केलं. 2009 मध्ये थिया गेल्या. मृत्युपत्र होतं, सगळं एडिथ यांच्या नावे होतं. तरी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्यांना पत्नी मानलं नाही आणि वारसा करापोटी 3,63,053 डॉलर वसूल केले. नवरा गेला असता तर हा कर शून्य होता. ऐंशी ओलांडलेली ही बाई कोर्टात गेली आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयात जिंकली. पण कोर्टाची पायरी चढायला सगळ्यांकडे ना पैसा असतो, ना त्या वयात दम.

पैशाचं आलंच आहे तर सांगते. दोन बायकांचं घर म्हणजे दोन बायकांचे पगार, आणि म्हातारपणी दोन बायकांच्या पेन्शनी. दोन्ही बेताच्याच. त्यात बायका जगतात जास्त. म्हणजे कमी पैसे आणि जास्त वर्षं.

बायसेक्शुअल बाईची अडचण जरा वेगळी, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. तिचं आधी एखाद्या पुरुषाशी लग्न झालेलं असतं, मुलं मोठी झालेली असतात. पन्नाशीनंतर ती एका बाईबरोबर राहायला लागते. मुलं म्हणतात, आईला सोबत मिळाली. वारस मुलंच, आणि कित्येकदा घरही त्यांच्या वडिलांचंच. किंवा उलटं होतं. शेवटची साथ पुरुषाची होती, त्यामुळे वृद्धाश्रमात ती चारचौघींसारखी विधवा ठरते. ज्या बाईवर तिनं वीस वर्षं जीव लावला, तिची आठवण काढायला तिथे कुणी नसतं.

वृद्धाश्रमाचं नाव निघालं की लोक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल बोलतात. ते हवंच. पण माझ्या मते खरी भीती जेवणाच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्यांची असते. शिकागोजवळच्या वृद्धांच्या एका निवासात एका बाईनं आपल्या गेलेल्या जोडीदारणीबद्दल मोकळेपणानं सांगितलं. मग तिथल्याच म्हाताऱ्यांनी तिला शिव्या दिल्या, तिच्या स्कूटरला वॉकरनं जोरात धडक दिली, जेवणाचं टेबल तिच्या अंगावर उलथलं. तक्रार केली तर व्यवस्थापनानं तिचीच जेवणाची जागा कोपऱ्यात हलवली. 2018 साली तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, की छळ चाललेला माहीत असून हातावर हात ठेवून बसणारा घरमालकही जबाबदार धरला जाऊ शकतो. निकाल मोठाच. पण हे सगळं व्हायच्या आधीच बहुतेक जणी काय करतात? पुन्हा ‘माझी मैत्रीण होती’ म्हणायला लागतात.

म्हणून समलैंगिक आणि बायसेक्शुअल वृद्धांसाठी वेगळ्या घरांची मागणी होते. बर्लिनमध्ये 2012 साली, लंडनमध्ये 2021 साली अशी निवासस्थानं सुरू झाली, अमेरिकेतही काही आहेत. पण ‘सर्वांसाठी’ म्हणून उभ्या राहिलेल्या घरांतही पुरुषांचं पारडं जड होऊ शकतं. बर्लिनच्या त्या पहिल्या घरात विस्मरणाच्या आजाराच्या रुग्णांना एकत्र सांभाळण्याची सोय आहे, ती समलैंगिक पुरुषांसाठी. ‘आम्हाला बायकांचंच घर हवं’ असं काही जणी म्हणतात, तेव्हा त्यांना आढ्यताखोर ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

बायकांचं घर होऊ शकतं, हे उत्तर लंडनच्या न्यू ग्राउंड या निवासानं दाखवलं. ते फक्त लेस्बियन बायकांचं नाही. पन्नाशीपुढच्या कुणाही बाईचं आहे. पंचवीस सदनिका, सव्वीस बायका. प्रत्येकीचा दरवाजा वेगळा, बाग आणि बैठकीची खोली सामाईक, कारभार त्यांचा त्यांनीच चालवायचा. आत कोण येणार हेही त्याच ठरवतात, त्यामुळे शेजारीण कोण हे आधीच ठाऊक असतं. वृद्धाश्रमात नेमकं हेच हातात नसतं.

जी बाई आज स्वतःच्या घरात आहे, तिला मात्र मी आधी कागदांचंच सांगेन. मृत्युपत्र दोघींनी करायचं, एकीनं नाही. घर दोघींच्या नावावर असेल तर एकीच्या मागे तिचा हिस्सा दुसरीला जातो की माहेरच्यांना, हे वकिलाला स्पष्ट विचारायचं. देशादेशांत, आणि कराराच्या शब्दांनुसार, ते बदलतं. भाड्याचं असेल तर करारावर दोघींची नावं. शुद्ध हरपली तर निर्णय कोण घेणार, तेही लिहून ठेवायचं. आणि त्या कागदावर नात्याचा रकाना असेल, तर तिथे काय लिहायचं हे दोघींनी मिळून ठरवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात लांबणीवर पडतं, असं मी पाहिलंय.

आणि न्यू ग्राउंडसारखं काही मनात असेल, तर एक हिशोब ऐका. त्या बायकांनी 1998 मध्ये सुरुवात केली. जागा, पैसा, परवानग्या, सगळं जमून राहायला गेल्या 2016 मध्ये. अठरा वर्षं. पन्नासाव्या वर्षी पहिली बैठक घेतली, तर सामान हलवताना तुम्ही अडुसष्टच्या असाल.