संध्याकाळचा लिलाव

दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर. होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या, आणि मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येतेय. होडीवर जातात ते पुरुष. पण मासळी किनाऱ्याला लागली की घासाघीस करणं, निवडणं, टोपली भरून गावोगाव नेणं, यातलं बरंचसं बायकांच्या हातात.

काम आणि मुलं कशी सांभाळता, असं इथे विचारून बघा. आधी मासळीच्या भावाचंच बोलणं निघतं. पापलेट किती चढलं, बर्फाला किती गेले, टोपली पाहून कंडक्टरने कसं तोंड वाकडं केलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचं मात्र कौतुक आहे. मुलांचा विषय मागाहून येतो आणि सासूपाशी येऊन थांबतो. सासू आहे म्हणून जमतं. तिचे गुडघे धरले की जाऊ, शेजारीण, नाहीतर थोरली मुलगी. त्या थोरलीचा अभ्यास कधी होतो, हे विचारलं की क्षणभर कुणीच बोलत नाही.

गावात अंगणवाडी आहे. ही योजना १९७५ पासूनची, आणि तिचा आधार मोठा. पण अंगणवाडी दिवसा भरते; संध्याकाळच्या लिलावाला तिथे कुलूप असतं. शिवाय ती चालवणारी सेविकाही कुणाची तरी आईच. तिला पगार नाही, मानधन मिळतं, आणि तिचं स्वतःचं पोर बहुधा आजीकडे असतं.

खाली वेंगुर्ला, सावंतवाडीकडे काजूचे कारखाने. फोडणं, सोलणं, निवडणं, सगळीकडे बायकाच दिसतात. कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. चांगला कायदा आहे. फक्त इथले अनेक कारखाने त्या पन्नासाच्या आतलेच. आणि मासळी विकणारीला रजा देणार कोण? तिचा मालक तीच. बाळंतपणात टोपली उतरली, की त्या दिवसांची कमाई गेली आणि ठरलेली गिऱ्हाइकंही दुसरीकडे वळली.

नवरा मुंबईला असेल तर पैसे येतात, फोन येतो. पालकसभेला जायचं ते मात्र तिनेच.

खरी ओढाताण जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि त्याच जूनच्या मध्यावर शाळा सुरू. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट, सगळं एकदम, आणि ताजी मासळी नाही. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात बोंबील, जवळा, बांगडा वाळवून ठेवायचा. सुट्टी लागलेली पोरं तेव्हा कावळे हाकलायला बसतात. पावसाळ्यात बाजाराला जाते ती ही सुकी मासळी. शाळेचा खर्च तिच्यातूनच निघतो.