उंदराच्या पोटातला पत्ता

अध्यक्षमहाराज, आणि सोलापूरच्या गड्डा जत्रेतले पाळणे सोडून जंतांवरचं व्याख्यान ऐकायला आलेल्या मंडळी,

तुमच्या निवडीबद्दल मी काही बोलत नाही. होम मैदानाकडे आज इतकी गर्दी आहे की मला रिक्षा सोडून चालत यावं लागलं. वाटेत एका कढईतून गरम भजी निघत होती, तिच्यासमोरून मी मान खाली घालून आलोय, एवढं लक्षात ठेवा. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘कृमी, यजमान आणि औषधाला न जुमानणारे जंत’. तो शेवटी येईल. नक्की येईल. पण आधी उंदीर.

त्याच्याही आधी ‘यजमान’. ज्याच्या पोटात जंत राहतो त्याला आमच्या पुस्तकांत पोशिंदा म्हणतात, पोषद म्हणतात. मला यजमानच आवडतो. सत्यनारायणाला यजमान खर्च करतो, उपास धरतो, पाटावर अवघडून बसतो आणि शिरा बाकीचे ओरपतात. इथे फरक इतकाच, की शिरा संपला तरी पाहुणे उठत नाहीत.

आता माझं वेड सांगतो. घरी बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून तुमच्यापुढे. उंदराचं आतडं उघडलं की तो कुठे राहतो, तिथे काय साठवतात, काय सांडतं आणि रात्री तिथे कोण कोण फिरतं, हे सगळं समजतं. आपल्या आधार कार्डावरचा पत्ता जुना असू शकतो. भाडेकरूने तर मुद्दाम जुना ठेवलेला असतो. उंदराच्या पोटातला पत्ता मात्र ताजा असतो.

हे कसं, ते बघा. उंदरात एक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत असतो, हायमेनोलेपिस डिमिन्युटा. डिमिन्युटा म्हणजे लहानसा. आणि हा वाढतो किती? २० ते ६० सेंटिमीटर! उंदराची शेपूट सोडली तर आख्खा उंदीर तेवढा भरत नाही. आमच्या गावात सहा फुटी माणसाचं नाव लहानू होतं, त्यातलाच प्रकार. त्याचा खरा बुटका भाऊ म्हणजे हायमेनोलेपिस नाना, जेमतेम चार सेंटिमीटरचा. तो माणसातही आरामात राहतो. सभागृहात कुणी नाना असतील तर माफ करा, नाव मी ठेवलेलं नाही. (हशा)

या लहानूला, म्हणजे डिमिन्युटाला, तोंड नाही, पोट नाही. डोक्यावर चार शोषकं, त्यांनी आतड्याला धरून राहायचं आणि अंगानेच अन्न शोषायचं. उंदीर जेवला की हा आतड्यात पुढे सरकतो, नंतर मागे जातो. उंदराची जेवायची वेळ बदलली, की याचीही वेळ बदलते. एका पोटात दहा-वीस झाले तर सगळेच खुरटतात. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्यांना हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही.

पण मुद्दा वेगळाच आहे. याची अंडी उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. तीच अंडी दुसऱ्या उंदराने खाल्ली तर काहीही होत नाही. ती आधी किड्याच्या पोटात जावी लागतात. बहुतेक वेळा पिठात, धान्यात होणाऱ्या तांबूस, चपट्या भुंगेऱ्याच्या. पीठ चाळताना चाळणीत उरतो तो. तांदळातला सोंडवाला वेगळा, त्याच्यावर आळ नको. भुंगेऱ्याच्या अंगात जंताचं पिल्लू तयार होतं, उंदीर तो भुंगेरा खातो आणि अडीच-तीन आठवड्यांत आत फीत तयार. म्हणजे उंदरात डिमिन्युटा सापडला, तर त्या जागी धान्य आहे, ते जुनं आहे, त्यात भुंगेरा आहे आणि उंदीर त्याच धान्यावर हगतो आहे. एका जंतात चार बातम्या. हा जंत क्वचित माणसातही सापडतो, विशेषतः लहान मुलांत. कारण तेच, पिठातला किडा. पीठ चाळायचा कंटाळा करू नका, इतकंच सांगतो. जेवणाची वेळ जवळ आली आहे.

आता गोष्ट. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रयोगशाळेला उंदीर लागायचे. आता कॉलेजात प्राणी कापायला बंदी आली आणि ते बरंच झालं, पण तेव्हा लागायचे. पिंजरे मी स्वतःच्या पैशाने घेतले. आमिषासाठी भाकरीच्या तुकड्यावर शेंगाचटणी लावायचो, कारण उंदीर सोलापूरचा होता, नुसती भाकरी त्याला चालत नसे. महिनाअखेरीस खर्चाचा कागद कार्यालयात दिला. शेंगाचटणी, पाव किलो. कागद परत आला. त्यावर लाल शाईत शेरा: ‘चटणी कोणी खाल्ली?’ मी लिहिलं, ‘उंदरांनी.’ पुन्हा परत. ‘उंदीर किती? खरेदीची पावती जोडावी.’ मी लिहिलं, ‘उंदीर विकत घेतलेले नाहीत, पकडलेले आहेत.’ त्यावर शेरा आला: ‘मग साठा रजिस्टरात जमा का नाहीत?’ मंडळी, मी चार महिने उंदरांची जमा-खर्चाची वही ठेवली. आज जमा तीन, आज खर्च तीन, शिल्लक निरंक. चटणीचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत. (हशा) हसू नका, तेव्हाचे अठरा रुपये आहेत ते.

तर असा एक पिंजरा मी जुन्या पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात लावला. शेठ भले गृहस्थ. म्हणाले, “सर, पिंजरा लावा, पण आमच्या मालात किडा नाही. आणि मांजर तर मी दुकानात पायच ठेवू देत नाही, पोती फाडतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे प्रयोगशाळेतले मामा धावत आले. पूर्वभागातले, घरी तेलुगू बोलणारे. घाईत असले की त्यांचं मराठी मागे राहायचं. “सर, एलुका! पेद्द एलुका!” मोठा उंदीर.

तो उघडला. आतड्यात डिमिन्युटा, सात. म्हणजे किडा होता. ते सोडा, दुकानदार किड्याबद्दल खरं बोलला तरच नवल. पण यकृत बघतो तर तांबड्या-तपकिरी यकृतावर वाटाण्याएवढी पांढरट गाठ. सुईने तिचं वरचं कातडं अलगद फाडलं आणि आतून घडी घातलेली फीत सुटत आली, दुधी रंगाची, बोटभर लांब, टोकाला डोकं. बशीत पाणी होतं, त्यात ती हळूच वळवळली. मामा दोन पावलं मागे सरले. हा मांजरातल्या पट्टकृमीचा, टीनिया टीनिईफॉर्मिसचा, पोरवयातला अवतार. तो मोठा होतो मांजराच्या आतड्यात. अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, उंदीर ती खातो, पिल्लू त्याच्या यकृतात जाऊन बसतं आणि मांजर कधी उंदीर खाईल याची वाट बघतं. त्याला दुसरा कुठला रस्ताच नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. म्हटलं, “शेठ, तुमच्याकडे मांजर आहे.” ते चिडले. शपथ घेतली, गादीवरच्या गणपतीची. मी म्हटलं, गणपतीला नका मध्ये घेऊ, पुरावा त्याच्याच वाहनाच्या पोटात निघालाय. आठ दिवसांनी त्यांचाच हमाल सांगत आला, माळ्यावरच्या रिकाम्या बारदानात मांजरीने तीन पिल्लं घातली होती. मांजर येत होती कौलातून, रात्री, शेठ घरी गेल्यावर. त्यांना माहीत नव्हतं. उंदराच्या यकृताला माहीत होतं.

याच रीतीने आणखी वाचता येतं. उंदराच्या आतड्याला काटेरी सोंड रुतवून बसलेला मोनिलिफॉर्मिस नावाचा जंत दिसला, तर तिथे झुरळं आहेत, कारण त्याचं बालपण झुरळात जातं. सिसिलीतल्या कालांद्रुच्चो नावाच्या माणसाने १८८८ च्या सुमारास याची पिल्लं स्वतः गिळली, पोटात काय काय होतं ते लिहून ठेवलं आणि मग औषध घेऊन जंत पाडले. आमच्या वेळी एवढं करून बढती मिळाली नसती. निप्पोस्ट्राँगायलस नावाचा जंत मिळाला तर जमिनीत ओल आहे, कारण त्याची पिल्लं ओल्या मातीतून थेट कातडीत शिरतात, फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशाशी येतात, गिळली जातात आणि मग कुठे आतड्यात पोचतात. वरात सगळ्या पेठा फिरून शेजारच्याच मांडवात यावी, तसं. आणि इतकं करून उंदीर दोनेक आठवड्यांत आतड्यात शेंबडासारखा चिकट पदार्थ सोडून त्यांना धुऊन काढतो.

एक सांगायचं राहिलं. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. मागच्या वेळी कुणीतरी डब्यात घालून आणली होती. तिचा कुळाचार वेगळा. कृपा करून आणू नका.

आता माझा लाडका माणूस. योहानेस फिबिगर, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा रोगशास्त्रज्ञ. १९०७ साली त्याला तीन उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि गाठींत बारीक गोलकृमी. हेच जंत दुसरीकडे मिळतात का, म्हणून त्याने हजारावर उंदीर उघडले. एकातही नाही. माझ्या वहीत हजार उंदीर जमा-खर्च करायचे असते तर मी संन्यास घेतला असता. पण हा गडी हटला नाही. शेवटी शहरातल्या एका साखर कारखान्यातले उंदीर बघितले, तिथे जंतच जंत. का? तर त्या कारखान्यात झुरळं होती, आपल्या घरांतून दिसतात तीच मोठी तांबडी, आणि जंताचं पिल्लू त्या झुरळांत. बघा, पत्ता लागला! उंदराच्या पोटातून झुरळ, झुरळातून साखर. माझं अख्खं वेड त्याने माझ्या जन्माआधीच करून ठेवलं होतं.

पण पुढे तो घसरला. म्हणाला, या जंतानेच उंदराला कर्करोग होतो. १९२६ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. १९२८ च्या जानेवारीत तो गेला आणि मग एकेक करून लोक म्हणू लागले, अहो, हा कर्करोगच नव्हे. त्याचे उंदीर निकृष्ट खाण्यावर होते, त्यांना ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नव्हतं, गाठी बऱ्याचशा त्यामुळे. पत्ता बरोबर होता, पण त्या घरातल्या चोरीचा आळ भलत्यावरच गेला. माझे काही विद्यार्थी या माणसाला हसतात. मी त्यांना सांगतो, चुकायचं असेल तर आधी हजार उंदीर उघडा. आमच्याकडे उलटं. एका शेळीत दोन जंत सापडले, काचेखाली जरा जास्त दाबले गेले, रुंद झाले, की झाली नवी प्रजाती! मीही तरुणपणी असं एक बारसं केलंय. नाव सांगत नाही. तो जंत आता दुसऱ्याच नावाने ओळखला जातो आणि सुखी आहे.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ बरं. म्हणजे विषयावर येतो.

शेळ्या-मेंढ्यांत हिमाँकस नावाचा जंत असतो. आतड्यात नाही, चौथ्या पोटात, पण आज तेवढं चालवून घ्या. त्याची मादी बघण्यासारखी. हातमागावर लाल आणि पांढरं सूत एकत्र पिळावं तशी दिसते. लाल म्हणजे तिच्या आतड्यातलं शेळीचं रक्त, पांढरं म्हणजे अंड्यांच्या नळ्या. रोज ५,००० वर अंडी घालते. शेळी पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. मग आपण काय करतो? सगळ्या कळपाला एकाच दिवशी, अंदाजाने वजन धरून औषध पाजतो. कमी डोस पडतो. जे जंत त्यातून वाचतात त्यांचीच पिल्लावळ पुढे रानात पडते. दोन-चार वर्षांत औषध म्हणजे नुसतं पाणी. हे जगभर झालंय, आपल्याकडेही होतंय.

आता माझा पत्ता इथे लावा. एक, कळपातल्या थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात. उंदरांतही मला हेच दिसायचं, नऊ रिकामे आणि दहाव्यात गड्डा भरलेला. दक्षिण आफ्रिकेत यावरून एक कार्ड काढलं, पाच छटांचं. शेळीची खालची पापणी उलटायची, आतला रंग कार्डाशी ताडायचा, फिकट दिसेल तिलाच औषध द्यायचं. बाकीच्यांतले साधे जंत तसेच राहू द्यायचे, म्हणजे औषधाला मरणारी जात टिकते आणि हट्टी जंतांचं राज्य होत नाही. दोन, पिल्लं गवताच्या पात्यावर दवाच्या पाण्यातून चढतात. मला एका म्हाताऱ्या धनगराने सांगितलं होतं, “दव उठल्याबिगर मेंढरं सोडायची न्हाईत.” त्याने हिमाँकस बघितला नव्हता, पण पत्ता त्याला ठाऊक होता. तीन, आणि हे नीट ऐका, शाळेतली जंताची गोळी ही वेगळी बाब आहे. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मुलांना अल्बेंडाझोल देतात, ती द्या, जरूर द्या. मी शेळ्यांबद्दल बोलतोय. उद्या कुणी म्हणेल, सरांनी गोळी देऊ नका म्हणून सांगितलं.

चौथा मुद्दा शेणाचा होता, तो राहिला. दुसरी चिठ्ठी आली आहे, हिच्यावर नुसतं ‘चहा’ लिहिलंय.

दाराजवळच्या टेबलावर दोन बरण्या ठेवल्यात. डावीकडे शेठच्या दुकानातल्या उंदराची ती फीत, उजवीकडे शेळीतले लाल-पांढरे पिळाचे दोरे, आता फॉर्मॅलिनमध्ये लाल उतरलाय, त्याला इलाज नाही. झाकणं घट्ट आहेत, उचलून खुशाल बघा. फक्त चहाचा कप त्या टेबलावर ठेवू नका. मागच्या वर्षी कुणीतरी ठेवला होता, आणि नंतर तो माझा आहे असं म्हणायला कुणीच पुढे आलं नाही.