तुकडा नियमित झाला, पण मालकीचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. आजचं बोलणं मुख्यतः तालुक्याच्या कोर्टात दिवाणी आणि महसुली कामं चालवणाऱ्या वकील मित्रमैत्रिणींसाठी आहे. पण ज्यांच्या कपाटात दोन-चार गुंठ्यांचा कागद पडून आहे, त्यांनीही रेडिओ बंद करू नये.

विषय आहे तुकडेबंदीचा. कायदा १९४७ चा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा पडेल असं शेतजमिनीचं हस्तांतरण किंवा वाटप करायचं नाही, हा त्यातल्या कलम ८ चा सांगावा. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीला १० आर आणि जिरायतीला २० आर आहे. पण शहरालगत कोण थांबलंय? लोकांनी गुंठा-गुंठा घेतला, घरं बांधली, वीज-पाणी आलं, घरपट्टीही सुरू झाली. सातबाऱ्यावर मात्र नाव चढेना. फेरफार नामंजूर व्हायचा, नाहीतर नाव मालकाच्या जागी न येता ‘इतर हक्क’ या रकान्यात जाऊन बसायचं आणि शेजारी शेरा यायचा, ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’.

सरकारने दार हळूहळू उघडलं. २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून व्यवहार नियमित करायची सोय झाली. फारसं कोणी फिरकलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने तीही माफ केली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार, जमीन प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा अकृषिक वापरासाठी दाखवलेली असेल तर, अधिमूल्य, म्हणजे ही रक्कम, न घेता नियमित. ज्यांनी मुकाट्याने २५ टक्के भरले होते, ते आता वकिलाकडे कोणत्या चेहऱ्याने पाहतात, हे मी सांगायला नको.

बातमी आल्यापासून पक्षकार पेढे घेऊनच येतात. ‘साहेब, आता प्लॉट आपला झाला ना?’ इथे आपण जरा हात आखडता घ्यायचा. या दुरुस्तीने फक्त एकच दोष पुसला, तुकडा पाडल्याचा. विकणाऱ्याला मुळात विकायचा हक्क होता का, बहिणींच्या सह्या होत्या का, जमीन कुळकायद्याची किंवा इनामाची आहे का, हे सगळे प्रश्न जागच्या जागी आहेत. सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात एवढंच, तिच्यातून मालकी जन्माला येत नाही.

म्हणून फाइल उघडली की आधी कागद पाहा. दस्त नोंदणीकृत असेल तर काम सोपं. जुना नामंजूर फेरफार काढा, त्यावरचा शेरा वाचा आणि फेरतपासणीचा अर्ज द्या. नाव इतर हक्कात असेल तर ते कब्जेदार सदरी, म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात, घेण्याची मागणी करा.

खरी पंचाईत नोटरीच्या कागदाची. समजा, २००९ साली शंभराच्या स्टॅम्पवर ‘खरेदीखत’ लिहिलं, नोटरीचा गोल शिक्का मारला, पूर्ण पैसे दिले, ताबाही घेतला. पक्षकाराला वाटतं, तोच कागद आता नोंदवू. नाही जमत. सही केल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो, दंड भरून फार तर आणखी ४ महिने मिळतात. म्हणजे नवा दस्त करायचा, आजच्या दराने मुद्रांक भरायचा, आणि विकणारा हयात नसेल तर त्याच्या सगळ्या वारसांना दुय्यम निबंधकांपुढे आणायचं. वारसांना हे कळलं की त्यांचे भाव वाढतात. दाव्याची मुदतही तपासा. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्याला ३ वर्षं असतात, ती कधीपासून धरायची यावरच पुष्कळदा सगळी लढाई होते.

क्षेत्रही जुळवून घ्या. कागदावर ‘दोन गुंठे’ असतं, सातबाऱ्यावर आर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १०७६ चा. फरक चिमूटभर, पण चतुःसीमा ढिसाळ असतील तर शेजारी त्यावरच बोट ठेवतो. शक्य तिथे अर्जाआधी मोजणी करून घ्या.

गुंठेवारीशी याची गल्लत करू नका. गुंठेवारीचा २००१ चा कायदा वेगळा. तिथे भूखंड आणि बांधकाम नियमित होतं, तेही नियोजन प्राधिकरणाकडे. पक्षकाराला पुष्कळदा दोन्ही दारं ठोठवावी लागतात.

आराखड्यात शेतीच दाखवली असेल तर या दुरुस्तीचा उपयोग नाही. वाटपाच्या दाव्यात ही गोष्ट विसरली जाते. तुकडेबंदी कायद्याचं कलम ८अअ अजून तसंच आहे. हिश्शाला येणारं क्षेत्र प्रमाणभूतपेक्षा कमी पडत असेल तर त्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी मोबदला द्यायचा. हुकूमनामा होऊन प्रकरण वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्यावर हे सुचण्यापेक्षा दाव्यातच मांडलेलं बरं. आणि या कायद्याखालचा मुद्दा निघाला तर दिवाणी न्यायालय तो स्वतः ठरवत नाही, कलम ३६ब प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवतं. प्रतिवादीने हा अर्ज द्यायची वाट पाहू नका.

जाता जाता स्टॅम्पचं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे आले, हे आता पाठ झालंय. पण न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही रोज कुणीतरी शिक्षणाच्या दाखल्यासाठी पाचशेचा स्टॅम्प घेऊन रांगेत उभा असतो. त्याला कोऱ्या कागदाकडे वळवणं हे आपलंच काम.

तुकड्याच्या अर्जाला झोन दाखला (आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे त्याचा), दस्ताची प्रत आणि जुना फेरफार जोडा. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्यांकडे, दिलात की तारखेसह पोच घ्या. पुढे फेरफार नामंजूर झाला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला ६० दिवस असतात. नमस्कार.