विनंती थांबा

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवते, आत गॅसवर कुकर आहे. बोलता बोलता शिट्टी झाली तर दचकू नका. ती मी एडिटमध्ये कापणार नाहीये.

माझं माहेर कराडजवळचं. लहानपणी विट्याच्या गाडीने मामाकडे जायचो, तेव्हा रस्त्याकडेला दोन तऱ्हेच्या पाट्या दिसायच्या. एकीवर गावाचं नाव आणि ‘बस थांबा’. दुसरीवर ‘विनंती थांबा’. पहिलीशी गाडी थांबायचीच, कुणी चढो न चढो. दुसरीशी मात्र खाली कुणी हात केला, नाहीतर आतून कुणी म्हटलं, ‘मास्तर, जरा फाट्यावर घ्या,’ तरच कंडक्टर दोरी ओढायचा. एक टण्, गाडी उभी. दोन टण्, गाडी सुरू. आणि तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपला असाल, तर मामाचं गाव मागे.

आज तंत्रज्ञानावर बोलायचंय आणि ही बाई एसटीत का बसलीये, असं वाटत असेल. (फोन उचलून दाखवते.) कारण यात सगळे विनंती थांबे आहेत. आणि विनंती करायची कुणी? जो झोपलाय त्यानेच.

पूर्वीच्या वेबसाइट आठवतात? पान खाली संपायचं. तिथे १, २, ३ असे आकडे असायचे, पुढच्या पानावर जायला बटण दाबावं लागायचं. ते बटण दाबण्यापूर्वी अर्धा क्षण मिळायचा: बास झालं का? २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते तळच काढून टाकलं. तुम्ही खाली सरकत राहा, पुढचं आपोआप येत राहील. त्याचा हेतू वाईट नव्हता, लोकांचं एक क्लिक वाचावं एवढंच होतं. पुढे त्यानेच या गोष्टीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि २०१८ मध्ये तंत्रज्ञान माणसांना धरून असावं म्हणून जी संस्था अमेरिकेत निघाली तिच्या संस्थापकांत तोही होता.

आपल्याकडे पंगतीत पुरे झालं की आपण ताटावर हात आडवा धरतो. वाढपी आग्रह करतो, ‘अहो एक घ्या,’ पण हात दिसला की त्यालाही थांबावं लागतं. इथे वाढपी दिसतच नाही. त्याला हात दिसत नाही. आणि ताटाला कडही नाही.

माझंच सांगते. परवा रविवारी आईचा फोन आला. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याची हकिकत चालली होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच फोनवर अंगठा सरकवत बसले. मधूनमधून ‘हं’, ‘अगं बाई’ चालू. आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘तू कामात दिसतेस, मग करते.’ मी म्हटलं, ‘नाही गं, ऐकतेय ना.’ तर म्हणाली, ‘टाके सुकले म्हटलं मी. आणि तू अरे देवा म्हणालीस.’

मी पाहत काय होते? कुणीतरी रंगीत साबणाच्या वड्या सुरीने कापत होतं. बास. साबण.

(आतून कुकरची शिट्टी.) ही पहिली.

आता यावर नेहमीचा सल्ला ठरलेला असतो: निग्रह करा. केला मी. सोमवारी ॲप काढून टाकलं, गुरुवारी परत घेतलं. आणि दरवेळी कारण आळसाचंच नसतं बरं का. मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर उद्याच्या चार्ट पेपरची सूचना रात्री साडेनऊला येते. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार ते कळतं. एकट्या माणसाने थांबायचं ठरवलं तर बाकीच्यांची गाडी निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही मेसेज पाहिला नाही का?’ हे ऐकावं लागतं. म्हणून एकट्याच्या मनोबलावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला, घरोघरी मुलांच्या हातात फोन आला. शाळा उघडल्या, पण फोन काही हातातून सुटेना. मुलं लिहायला कंटाळतात, वर्गात लक्ष नाही, अशी शिक्षकांची तक्रार. इथपर्यंतची गोष्ट तुमच्या-माझ्या घरची आहे. पुढची नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, तिथे महिलांची सभा झाली. सरपंच होते विजय मोहिते. आणि ठरलं असं की देवळावर भोंगा बसवायचा. संध्याकाळी सातला तो वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला परत वाजेल, तेव्हा चालू करा. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचावं, बोलावं, काय हवं ते करावं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरून समजावत होते, कारण भोंगा वाजला म्हणून कुणी लगेच मालिका बंद करतं थोडंच?

सात ते साडेआठ. ही वेळ बघा. मालिकांची ऐन वेळ. सकाळी अकरा ते साडेबारा ठेवली असती तर ठराव एकमताने झाला असता आणि फरक शून्य पडला असता. आणि मला यात आवडतं ते असं, की भोंगा मुलांसाठी वाजतो पण बंद आईबापांचाही होतो. मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणून आपण मात्र रील बघत बसायची सोय नाही. त्या दीड तासात तुमचं उत्तर आलं नाही तर शेजारची बाईही वाट बघत नसणार, कारण तिचाही फोन बंद आहे. विनंती थांब्याचा पक्का थांबा झाला.

आता खरं सांगू? मी त्या गावात राहत असते तर पहिल्या आठवड्यात कुरकुरलेच असते. मी टीव्ही कधी बघायचा हे पंचायतीने का ठरवावं? आणि आमच्या सोसायटीत हा विषय निघाला तर भोंग्याचा आवाज किती डेसिबल असावा यावरच दोन वर्षं सभा चालतील.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने वेगळा ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंदी. काळजी तीच, पण मला वडगावचा रस्ता जास्त माणसाचा वाटतो. मुलाच्या हातातून काढून घेणं सोपं असतं. आपला खाली ठेवताना बोटं दुखतात.

आता जरा जड गोष्ट. हा फक्त आपल्या मनःशांतीचा प्रश्न असता तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते. हे लोक सोलापूरकडचे, मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारे. त्या दिवसांत मोबाइलवर एकच अफवा फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आलीये. जमावाने त्या पाचजणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून कुणीतरी येतो, रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतो. तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी लोकांना सावध करणारा जाहिरातपट होता. मूळ व्हिडिओत तो माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. फिरणाऱ्या तुकड्यातून तेवढा शेवट कापलेला होता. परत आणण्याचा भाग. हा व्हिडिओ पुढे पाठवणारे काही राक्षस नव्हते. त्यांत आया होत्या, मामा होते. ‘काळजी घ्या रे’ म्हणूनच पाठवत होते. काळजीपोटीच पाठवत होते, फक्त पाठवण्याआधी कुठेही अर्धा क्षण नव्हता. बाण दाबा, वीस ग्रुप निवडा, गेलं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतासाठी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक मेसेज एका वेळी फक्त पाच जागी पुढे पाठवता येईल. आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटकन फॉरवर्ड करायचं बटण काढलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज, ज्यावर दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच जागी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीने सांगितलं.

जरा विचार करा. त्या काळात आपण कुणी शहाणे झालो होतो का? तीच माणसं, तेच अंगठे, तेच काका. फक्त रस्त्यात एक थांबा आला. म्हणजे तो आधीही घालता आला असता. पाच माणसांच्या जाण्याआधीही. म्हणून कंपनीचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

उलट बाजूही बघा. ‘डिजिटल अरेस्ट’वाले भामटे काय करतात? व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून बसतात आणि पहिली अट घालतात: कॉल बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. निवृत्त, शिकलेली माणसं तासन्‌तास त्या कॉलवर बसून राहतात आणि आयुष्यभराची ठेव मोडून देतात. भामट्याचं सगळं बळ तुम्हाला थांबू न देण्यात आहे. मध्ये कुणी दाराची बेल वाजवली, दूधवाला आला, तरी त्याचा खेळ उधळू शकतो. असा कुठलाही अरेस्ट आपल्या कायद्यात नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आणि सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर, दोन्ही कागदावर लिहून द्या. कागदावर. फोनमध्ये नको, कारण फोन तेव्हा भामट्याच्या ताब्यात असतो.

(शिट्टी.) दुसरी.

हं, कुकरचं सांगायचं राहिलं. आमच्या घरी भोंगा नाही. युक्ती मुलाने काढली: रात्रीच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला सगळ्यांचे फोन फ्रीजवर. ओटा आवरून होईपर्यंत. नवऱ्याला ड्यूटीचा फोन येऊ शकतो, म्हणून रिंग चालू ठेवायची परवानगी आहे, पण फोन फ्रीजवरच. सासरे सुरुवातीला रुसले. त्यांचं कीर्तन असतं यूट्यूबवर. ‘कीर्तन म्हणजे काय टाइमपास आहे का?’ मुद्दा बिनतोड होता, तरी त्यांचाही फोन गेला फ्रीजवर.

पहिल्या दिवशी कुणाला काही बोलायचं सुचेना. सासरे म्हणाले, ‘भाताला पाणी कमी पडलंय.’ तेवढंच संभाषण. दुसऱ्या दिवशी नवरा आणि मुलगा भांडले. आठवड्याने सासऱ्यांनी ते तलाठी असतानाची एक गोष्ट सांगितली, जी मी अठरा वर्षांत ऐकली नव्हती. रोज असं काही होतं असं नाही. बऱ्याचदा भाताचंच पाणी असतं. आणि ज्या दिवशी बाहेरून मागवतो त्या दिवशी नियम हमखास मोडतो. मग मुलगा म्हणतो, ‘आज शिट्टीच कुठे झाली?’

तर तिसरी होईपर्यंत एक काम करून टाकू. हा व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होईल. कुठला ते मी ठरवलेलं नाही, तुम्हीही नाही. व्हिडिओवर एकदा बोट लावा. वरच्या बाजूला ऑटोप्लेची छोटी खिट्टी दिसेल. ती सरकवा. हो, माझ्या चॅनेलला त्याचा तोटा आहे, पुढचा व्हिडिओ माझाच असता कदाचित. असू दे. दिसली का? मोबाइलवर उजव्या अंगाला असते, कॉम्प्युटरवर खालच्या पट्टीत. आणि सेटिंगमध्ये ‘विश्रांती घ्या’ म्हणून आठवण करून देणारी सोयही आहे, ती पंचेचाळीस मिनिटांवर लावून—

(शिट्टी.)

झाली तिसरी. गॅस बंद करायचाय. आणि हा जो फोन समोर उभा आहे, ज्यावर मी बोलतेय, तोही...

(हात कॅमेऱ्याकडे येतो.)