देवासच्या खाटेवरचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

एक लहान पोर. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचं आणि तसंच्या तसं गाऊन दाखवायचं. सातव्या वर्षीच लोक त्याला 'कुमार गंधर्व' म्हणू लागले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा शिवपुत्र कोमकळी पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, मैफली गाजवू लागला. आणि ऐन तेविशीत क्षयानं गाठलं.

1948 साली कोरड्या हवेसाठी ते पत्नी भानुमतींसह माळव्यात, देवासला आले. डॉक्टरांनी बजावलं, गायचं नाही. गवयाला! जवळजवळ पाच वर्षं गळा मिटून ते खाटेवर पडून होते. भानुमतींनी किती निगुतीनं त्यांना जपलं असेल, हे मनात आलं की मला भरून येतं.

गळा बंद होता, कान मात्र उघडे होते. आसपासच्या बाया लग्नाची, ऋतूंची गाणी म्हणत. फिरते जोगी निर्गुणी भजनं गात जात. तीन-चार सुरांच्या त्या धुना ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की रागाचं बी इथेच आहे. मग त्यांनी त्या धुना जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या. मालवती, संजारी, सहेली तोडी हे त्यांचे राग अशाच धुनांतून उगवले.

स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध लागू पडलं आणि 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं होतं. आता छोटे छोटे स्वरपुंज, अचानक उसळणारा सूर, मध्येच शांतता. जुन्या वळणाच्या काही रसिकांना ते रुचलं नाही. मला वाटतं, ज्याला लहानपणी दुसऱ्यांचं गाणं हुबेहूब येत होतं, त्याला स्वतःचं गाणं या अपुऱ्या श्वासात सापडलं.

मोठ्या आघातातून उठणाऱ्या माणसाला घरचे मायेनं म्हणतात, "लवकर पहिल्यासारखा हो." तुमच्या घरी असं कुणी असेल, तर कृपा करून हे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. तो काय ऐकतोय, ते विचारा.

आता कुमारजींचा संजारी ऐकू या. सूर जिथे थांबतो, तिथे ते श्वास घेत आहेत. तोही ऐका.