टिपण : गावनकाशाच्या आधीचा कागद

(दृश्य : माळरानावर ताणून पसरलेली लोखंडी साखळी)

ही मोजणीची साखळी. शेताचं टिपण, म्हणजे जागेवर काढलेलं आकड्यांचं कच्चं रेखाटन, हिच्या आधारानेच तयार होई. लांबी 33 फूट, भाग सोळा. प्रत्येक भागाला आणा म्हणतात. एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच.

33 हा आकडा अडनिडा वाटतो, पण सगळी सोय त्यातच आहे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा भरते 1,089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. त्यामुळे साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांत मिळतं, बांधावर बसून, तोंडी. लंडनमध्ये एडमंड गंटरने 1620 मध्ये 66 फुटांची, शंभर कड्यांची साखळी प्रचारात आणली होती. आपली तिच्या निम्मी.

(दृश्य : कड्यांचे जोड, जवळून)

साखळी खोटं कधी बोलू लागते, ते इथे दिसतं. रोज ओढून ओढून जोडाच्या कड्या उघडतात आणि साखळी वाढते. उलट जोडांत चिखल वाळून बसला की ती आखडते. समजा साखळी तीन इंचांनी वाढली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दहा एकरांचं शेत कागदावर 9 एकर 34 गुंठेच भरतं. सहा गुंठे कुणी चोरले नाहीत, ते कड्यांनी खाल्ले. म्हणून ठरलेल्या अंतरावर पक्क्या खुणा करून साखळी त्यांवर वरचेवर ताडून पाहायची. उतारावर आणखी एक पथ्य : साखळी जमिनीला टेकवून ओढायची नाही. आडवी, समतल धरायची आणि ओळंबा सोडत पायरीपायरीने उतरायचं. नाहीतर उताराची लांबी सपाटीच्या नावावर जमा होते.

(दृश्य : शंकू रोवताना, चिरेतून दिसणारी झेंडी)

साखळीचा जोडीदार शंकू. काठीच्या डोक्यावर ठोकळा, आणि ठोकळ्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन चिरा. बाकी काही नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत झेंड्या लावून एक सरळ रेषा धरायची. त्या रेषेवरून साखळी टाकत चालायचं. जिथे बांध वळतो तिथे दगड असतो. त्या दगडासमोर आलं की शंकू रोवायचा. एका चिरेतून दोन्ही झेंड्या दिसल्या पाहिजेत, दुसरीतून बांधाचा दगड. दिसला नाही तर शंकू उपटायचा, वीतभर मागेपुढे सरकायचं, पुन्हा रोवायचा. दिसला की दगडापर्यंतचा लंब मोजायचा. दोन आकडे मिळतात : सुरुवातीपासूनचं अंतर आणि लंबाची लांबी.

लंब आखूड ठेवायचा, हा या कामातला जुना शहाणपणा. चिरांचा काटकोन एका अंशाने चुकला, तर दहा साखळ्यांच्या लंबाच्या टोकाला पावणेसहा फुटांची चूक पडते. भावाभावांत भांडण लागायला तेवढी पुरते.

(दृश्य : जुन्या टिपणाचं पान)

आणि हे टिपण. शेतात उभ्याने, हाताने काढलेलं कच्चं रेखाटन. हे प्रमाणात नसतं. लांब बांध आखूड दिसेल, वाकडा सरळ दिसेल, त्याला महत्त्व नाही. महत्त्व आकड्यांना. मधली रेषा ही पायारेषा. तिच्यावर ओळीने लिहिलेली अंतरं, आणि दोन्ही बाजूंना निघालेले लंब. शेजारी कोणता सर्व्हे नंबर लागतो तेही कडेला लिहिलेलं.

हेच आकडे पुढे गुणाकार बुकात जातात. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडले जातात. दोन लंब 3 आणि 4 साखळ्यांचे, त्यांच्यामधलं अंतर साडेपाच साखळ्या. दोन लंबांची सरासरी साडेतीन. साडेतीन गुणिले साडेपाच : 19 गुंठे 4 आणे. इथे आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग. असे सगळे तुकडे मिळवले की क्षेत्र तयार.

(दृश्य : मोडीतल्या ओळींवरून फिरणारा कॅमेरा)

जुनी टिपणं पुष्कळदा मोडीत. मोडी लिखाणात पाव, अर्धा, पाऊण उभ्या रेघांनी दाखवत. पाचापुढे दोन रेघा म्हणजे साडेपाच. मोडी न येणारा नक्कल करायला बसला की त्याच दोन रेघांचे अकरा होतात.

(दृश्य : इंदापूर तालुक्यातलं शिवार)

यापूर्वी मोजणी नव्हती असं नाही. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा होता, 120 बिघ्यांचा चावर होता. पण हात माणसागणिक बदलतो. इंग्रजी अमलात 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी केली. मोजणीत चुका, वरून सारा न पेलणारा. गावं ओस पडली. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातून तपासणी आणि दुरुस्ती सुरू केली, आणि शेताशेताला क्रमांक देणारी, 30 वर्षांसाठी सारा ठरवणारी पद्धत तिथून पसरली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधले. पुढे फेरआकारणीत सारा वाढला, 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, आणि त्यांच्या कारणांत या वाढीचीही गणना झाली.

(दृश्य : कापडावर चिकटवलेला गावनकाशा उलगडताना)

टिपणांवरून गावनकाशा जुळवला जाई. जुन्या अनेक नकाशांचं प्रमाण मैलाला आठ इंच, म्हणजे एका इंचात 20 साखळ्या. नकाशा देखणा आहे, पण त्यावरून बांध शोधू नका. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. पाव मिलिमीटरची शाईची रेघ दोन मीटर जागा झाकते. त्यात कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि उभा-आडवा सारखा आकसत नाही. झेरॉक्सवर पट्टी ठेवून बांध काढणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

1947 च्या कायद्यानंतर एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणं, आलं. सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि बऱ्याच गावांत हे जोडकाम जागेवर कमी, कागदावर जास्त झालं. गटाच्या नकाशाबद्दल शंका आली की वाट पुन्हा जुन्या टिपणाकडेच जाते.

(दृश्य : बांधावर उभा भूकरमापक, हातात रोव्हरची काठी)

आजचा रोव्हर उपग्रहांवरून आणि संदर्भ स्थानकांच्या दुरुस्तीवरून काही सेंटिमीटरांत जागा सांगतो. आपण कुठे उभे आहोत, ते. बांध मुळात कुठे होता हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी वहिवाटीची मोजणी करायची, म्हणजे आज प्रत्यक्षात जसं आहे तसं. मग टिपणाचे आकडे प्रमाणात मांडून त्यावर रेकॉर्ड बसवायचं. बसवताना आधार लागतो : जुनी विहीर, न हललेला धोंडा, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. दोनच खुणांवर बसवलं तर रेकॉर्ड फिरतं. तिसरी, चौथी खूण जुळली तरच भरवसा. आणि खुणाच नसतील तर? नांगरताना, जेसीबी फिरवताना बांधाचे दगड उखडले जातात. हद्दीच्या निशाण्या सांभाळणं ही 1966 च्या महसूल संहितेने शेतकऱ्याचीच जबाबदारी केली आहे.

(दृश्य : भूमी अभिलेख कार्यालयाची खिडकी)

मोजणीचा अर्ज देण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकला मागा : टिपण, गुणाकार, आणि पोटहिस्से पडले असतील तर फाळणीचा कागद. गट नंबर सांगून भागत नाही. जुना सर्व्हे नंबर हवा, म्हणून गटाचा जबाबही, म्हणजे कोणत्या सर्व्हे नंबरांचा गट झाला ते दाखवणारा एकत्रीकरणाचा कागद, सोबत ठेवा. नक्कल हातात पडली की तिथेच मूळ पानाशी आकडे ताडून घ्या, आणि मूळ मोडीत असेल तर जाणकाराला सोबत न्या.